‘चुकलं’ म्हणायची सवय

आमच्या सल्ला केंद्राचं दार उघडंच असतं. तरी मुलं उंबऱ्यावर थांबतात, डोकं आत घालतात आणि म्हणतात, "चुकलं मॅडम, येऊ का?" काही चुकायला अजून वेळसुद्धा मिळालेला नसतो.

केंद्र म्हणजे राजापेठेतली एक खोली. खाली अकरावी-बारावीचे ट्यूशन क्लास, वर आम्ही. खालच्या सरांचा माईक एवढा दणकट आहे की आमच्यासमोर कुणी रडत असलं तरी प्रकाशाचं परावर्तन ऐकू येत राहतं. विद्यापीठात आणि कॉलेजांत शिकणाऱ्या मुलांना कायद्याचा सल्ला द्यायला कुणीतरी असावं, म्हणून अमरावतीतल्या आम्ही काही वकिलांनी ही खोली घेतली. आठवड्यातून दोन दिवस कोर्टातून निघाल्यावर मी तिथे बसते. महिन्यातून एकदा अकोल्याला जाऊन बसते.

या मुलांना कायदा कमी आणि भीती जास्त विचारायची असते, हे मला सुरुवातीला माहीत नव्हतं. मी पुस्तकं घेऊन बसायचे. मुलं विचारायची, "मॅडम, तक्रार केली तर घरी फोन जाईल का?" खोलीमालकानं मूळ मार्कशीट अडकवून ठेवलेली असते. कुणाचं नाव दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरंच असतं. कुणाच्या मोबाईलवर कुणीतरी फोटोवरून धमकी देत असतं. मुलगा किंवा मुलगी सगळं सांगून झालं की माझ्याकडे बघते, आणि मला कळतं की तिला कलम नको आहे. आपण मोठ्या संकटात आहोत की लहान, एवढंच तिला आधी ऐकायचं आहे.

मी स्वतः मूर्तिजापूरची. वडील डाळमिलमध्ये कामाला होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. नगरपरिषदेच्या शाळेतल्या बाईंनी घरी येऊन आईला "हिला पुढे शिकवा" असं सांगितलं नसतं, तर मीही गेले नसते. अकोल्याला लॉ कॉलेजला पॅसेंजरनं जाऊन-येऊन शिकले. माझ्यावर उपकार करणाऱ्यांची यादी लांब आहे आणि ती मनातच राहू दिलेली बरी, कारण त्यातल्या कुणालाही आपण उपकार केले असं वाटत नाही.

घरी आम्हा भावंडांना एक शिकवण होती. मोठं माणूस ओरडलं की कारण विचारायचं नाही. आधी म्हणायचं, "चुकलं." आई म्हणायची, "चुकलं म्हन अन् मोकळी हो." मालक, मास्तर, तलाठी, दवाखान्यातले डॉक्टर, बसचा कंडक्टर, सगळ्यांना हे लागू होतं. त्या शब्दानं समोरच्याचा आवाज खाली येतो, आणि मग पुढचं बोलता येतं. आपण काही केलं की नाही, हा प्रश्न त्यात नव्हताच.

अकोल्यात ज्यांच्या हाताखाली मी ज्युनिअर होते, त्या वकीलसाहेबांनी ही सवय पहिल्याच आठवड्यात पकडली. न्यायाधीशांनी एका कागदाची प्रत मागितली होती आणि मी पटकन म्हणाले, "चुकलं साहेब." बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "अगं, वकील कधी चुकत नसतो."

"मग काय म्हणायचं, सर?"

"मुदत मागायची." आणि स्वतःच खो-खो हसले. मग चहा पिता पिता जरा गंभीर होऊन म्हणाले, "हा शब्द तू घरी वापर. कोर्टात त्याला कबुली म्हणतात."

मी तो शब्द कोर्टात सोडला. घरी आणि बाजारात अजून वापरते.

*

ती मुलगी आली तेव्हा तिनंही दारात तेच म्हटलं होतं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, अमरावतीतल्या एका कॉलेजात, जिथल्या परीक्षा कॉलेज स्वतःच घेतं. गाव मूर्तिजापूरकडचंच, माझ्या माहेरापासून फार लांब नाही. घरची काळी जमीन, शेतकरी वडील, धाकटा भाऊ. राजापेठेतच मैत्रिणींबरोबर खोली करून राहायची.

तिचा निकाल कॉलेजनं राखून ठेवला होता. रसायनशास्त्राच्या पेपरला तिच्या बाकाजवळ चिठ्ठी सापडली होती. पुस्तकाची पानं बारीक करून काढलेली झेरॉक्स, जिला मुलं मायक्रो म्हणतात. त्यामुळे अक्षर कुणाचं, हा प्रश्नच उरत नव्हता. शिवाय चिठ्ठीवर जे होतं, त्यावर पेपरात प्रश्न आला होता आणि तिनं तो सोडवलाही होता.

"तुझी होती का चिठ्ठी?" मी विचारलं.

"नाही मॅडम."

"मग कुणाची?"

"मले नाही माहीत. मी पाहिलीच नाही. मी आकृती काढून राहिली होती."

"मग झालं काय, ते सांग. घाई करू नको."

तिनं सांगितलं. तपासणीच्या पथकातल्या एक मॅडम वर्गात आल्या होत्या. बाकांमधून फिरत तिच्याजवळ थांबल्या आणि काहीतरी म्हणाल्या. तिचं डोकं खाली होतं. मग त्या मोठ्यानं म्हणाल्या, "ए मुली, ऐकू येत नाही का?" ती दचकून उभी राहिली.

"अन् म्हटलं, चुकलं मॅडम."

मी पेन खाली ठेवलं.

"मले वाटलं, मी लवकर उभी नाही राहिली म्हणून त्या वरडून राहिल्या," ती म्हणाली. "मंग त्यायनं खालून चिठ्ठी उचलली. तवा मी ती पहिल्यांदा पाहिली."

"आणि सही?"

"त्यायनं कागद भरला अन् सही कर म्हटलं. मी वाचलं नाही मॅडम. पेपर बाकी होता, टाइम जाऊन राहिला होता."

त्या कागदावर एक वाक्य होतं: विद्यार्थिनीने जागेवरच चूक कबूल केली.

खालून सर माईकवर कुणाला तरी म्हणत होते, "लक्ष कुठंय तुझं?" आणि एक पोरगा ओरडला, "सॉरी सर!" आम्ही दोघींनी ते ऐकलं. ती हसली नाही. मीही नाही.

तिच्यापुढे दोन वाटा होत्या आणि त्या मी तिला जशा होत्या तशा सांगितल्या. चौकशी समितीपुढे चूक मान्य केली, तर तेवढा एक पेपर रद्द होईल. तो पुढच्या महिन्यात पुरवणी परीक्षेत देता येईल, आणि विद्यापीठात एम.एस्सी.ला तिचं जे नाव लागलं होतं, ती जागा बहुधा टिकेल. मान्य केली नाही आणि समितीला पटलं नाही, तर सगळं सत्र रद्द. वर्ष जाईल, जागाही जाईल.

"आणि मान्य केलं तर ते कुठं लिहिलं जाते का?" तिनं विचारलं.

"कॉलेजच्या दप्तरात राहील."

"मंग पुढं कोणी विचारलं तर मले कॉपी केली म्हणून सांगा लागन."

"हो."

ती म्हणाली, "पण मी केलंच नाही ना मॅडम." आवाजात चीड नव्हती. जणू एखादं गणित पुन्हा करून पाहिलं आणि उत्तर तेच आलं.

वकिलानं पक्षकाराला धाडसी करू नये, असं मला वाटतं. धाडसाची किंमत आपण भरत नसतो. मी तिला म्हणाले, घरी विचार, मग सांग. खरं तर मला स्वतःलाच विचार करायचा होता. माझ्याकडे पुरावा कुठलाच नव्हता. होता तो एक शब्द, आणि तो तिच्याविरुद्ध होता. तो शब्द आमच्या भागात कबुली म्हणून वापरत नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. पण ते सिद्ध कशानं करायचं? वऱ्हाडात चुकलं म्हणजे काय, याचा दाखला कुठलं कार्यालय देतं?

*

चौकशीच्या दिवशी कॉलेजात तिचे वडील सोबत आले. बडनेऱ्याला गाडीतून उतरून, ऑटो करून, सांगितलेल्या वेळेच्या फार आधी. सोयाबीनच्या डवरणीचे दिवस होते, काम टाकून आले होते. पांढरा सदरा, डोक्याला दुपट्टा. मला बघून हात जोडले.

"वकीलबाई, चुकलं, तुमाले तरास देल्ला."

"त्रास कसला काका. बसा."

त्यांचं मत अगदी स्पष्ट होतं. "मी म्हणतो, पोरीनं म्हनून टाकावं. साहेब लोकायपुढं तोंड कायले वर करा? एक पेपर गेला तं गेला. पुन्हा देईन."

"बाबा, मी कॉपी नाई केली," मुलगी म्हणाली.

"मी कुठं म्हटलं, तू केली? म्हनून टाक, एवढंच म्हणतो."

"म्हटलं का मंग केली असंच होते."

"कायले होते? मी दिवसातून दहा डाव म्हणतो. मले कोनी जेलात टाकलं का?"

मला हसू आलं, आणि लगेच काळजीही वाटली. समितीचा नियम असा होता की पालकाला आत बोलावून त्यांचंही ऐकायचं. सल्लागाराला, म्हणजे मला, सोबत बसता येत होतं. विचारल्याशिवाय बोलता येत नव्हतं. मी त्यांना बाजूला घेतलं.

"काका, एक करा. आत गेल्यावर तो शब्द काढू नका."

"कोनता?"

"चुकलं."

"नाई काढत."

"कुणी ओरडलं तरी नाही. काही झालं तरी नाही. तिच्या वर्षाचा प्रश्न आहे."

"नाई म्हनत बाई. एवढं समजते मले." मग माझा चेहरा पाहून ते म्हणाले, "चुकलं, पुन्हा नाई म्हनत."

मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ती हसत होती की रडायच्या बेतात होती, ते मला कळलं नाही.

*

आत एका लांब टेबलामागे अध्यक्ष बसले होते, निवृत्त प्राचार्य, अकोल्याकडचे. बाजूला कार्यालयातले बाबू, लिहून घ्यायला. आणि पथकातल्या त्या मॅडम. त्यांच्याबद्दल मी मनात एक चित्र करून आले होते आणि ते चुकीचं निघालं. तरुण होत्या, पुण्याकडून नोकरीसाठी अमरावतीला आलेल्या, नीट तयारी करून आलेल्या. जे घडलं ते त्यांनी न वाढवता सांगितलं.

मुलीनं तिची बाजू मांडली. माझ्याकडे न बघता, हळू, पण न अडखळता.

मग त्या मॅडमनी एक प्रश्न विचारला, आणि प्रश्न रास्त होता. "तू चिठ्ठी पाहिलीच नव्हतीस, तर चुकलं का म्हणालीस? न केलेल्या गोष्टीबद्दल कुणी चुकलं म्हणतं का?"

"आमच्याकडं म्हणतात मॅडम," ती म्हणाली.

"आमच्याकडं म्हणजे?"

तिला उत्तर सुचलं नाही. मला सुचत होतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं. अध्यक्षांनी बाबूंना खूण केली आणि वडिलांना आत बोलावलं.

दार उघडलं. काका आत आले, त्यांचं लक्ष खाली चकचकीत फरशीवर गेलं, मग स्वतःच्या चपलांवर. "चुकलं साहेब," म्हणाले आणि चपला काढायला परत बाहेर गेले.



परत आले आणि बाबूंच्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. त्या खुर्चीवर फायली ठेवायच्या होत्या. बाबू खाकरले. "चुकलं बाप्पा," म्हणून काका उठले आणि उभेच राहिले.

"बसा ना, तिकडे बसा," अध्यक्ष म्हणाले. "मुलीबद्दल काही सांगायचंय का?"

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हणाले, दिसेल न दिसेल इतकीच. पण इतकी माणसं आपल्याकडे बघत असताना त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. ते पुन्हा उठले, हात जोडले आणि म्हणाले, "लेकराचं चुकलं साहेब. पोटात घाला."

बाबूंनी लिहायला सुरुवात केली. मुलीनं डोळे मिटले. मला वाटलं, संपलं.

अध्यक्षांनी बाबूंच्या कागदावर हात ठेवला. "थांबा." मग काकांना म्हणाले, "म्हणजे तुमच्या मुलीनं कॉपी केली, असं तुम्ही म्हणता?"

काका दचकले. एवढे दचकले की हात सुटले. "कॉपी? नाई साहेब! माही पोरगी काहून कॉपी करन? वरीसभर अभ्यास करून राहिली ते. घरी आली तं म्हशीपाशी पुस्तक घेऊन बसते. इचारा कोनालेही."

"मग चुकलं कशाचं?"

काका गोंधळले. हा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नसावा. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्यांकडे पाहिलं.

"आता... तिच्यापाई तुमा सगळ्यायले इथं बसा लागलं ना," ते म्हणाले. "तुमची कामं खोळंबली. म्हनून म्हटलं."

अध्यक्ष खुर्चीत मागे टेकले. ते हसले नाहीत. मला वाटतं, त्यांच्याही घरी कधीतरी कुणीतरी असंच बोलत असणार. पण पुढे जे झालं ते त्यांच्यामुळे झालं नाही.

पुण्याच्या मॅडम टेबलावरच्या आपल्या कागदाकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "सर, मला एक दुरुस्त करायचंय."

"बोला."

"मी चिठ्ठी कुणाची, असं विचारलं, ते नंतर. आधी मी तिला उभी राहा म्हणाले होते. ती उठली नाही म्हणून मोठ्यानं बोलले. ती चुकलं म्हणाली, ते तेव्हा. चिठ्ठी मी त्यानंतर उचलली." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "अहवालात मी ते एकत्र लिहिलं. लिहिताना मला ते एकच वाटलं होतं."

काका अजून उभेच होते. त्यांना वाटलं असावं की मॅडम अडचणीत आल्या. "राहू द्या मॅडम," ते म्हणाले, "होते असं."

*

बाहेर आल्यावर काका माझ्यावरच चिडले.

"तुमी म्हटलं होतं, म्हनू नका. मी तं म्हनून टाकलं."

"बरं झालं, म्हणालात."

"बरं झालं? मंग नका म्हनू काहून म्हटलं होतं?"

माझा सल्ला कायद्याच्या दृष्टीनं बरोबर होता. तो पाळला असता, तर काका आत गेले असते, गप्प बसले असते आणि त्यांच्या मुलीचा शब्द कबुली म्हणून दप्तरात गेला असता. मी इतकी वर्षं मुलांना सांगत आले की तो शब्द टाळा. तो शब्द मागे काय काय धरून असतो, हे मात्र मी विसरत चालले होते. त्यात भीती आहे, ते खरं. पण माझ्यामुळे तुझा वेळ गेला, तुला आवाज चढवावा लागला, याची जाणीवही आहे. कायद्यात या दुसऱ्या गोष्टीला शब्दच नाही. म्हणून कायद्याला ती दिसत नाही.

निर्णय मुलीच्या बाजूनं लागला. आरोप सिद्ध होत नाही, निकाल जाहीर करावा. विद्यापीठातल्या प्रवेशाची शेवटची तारीख जवळ आली होती आणि आम्हाला कॉलेजात बोलावलं, तो त्या मुदतीचा शेवटचाच दिवस होता. काका पुन्हा आले. या वेळी मी त्यांना काहीच सांगितलं नाही.

बाबूंनी निकालपत्र काढून ठेवलं होतं. त्याच्यावर एक हमीपत्र होतं. विद्यार्थिनीची सही, पालकाची सही. छापील मजकूर, सगळ्यांसाठी एकच. त्यातलं वाक्य होतं: यापुढे अशी चूक करणार नाही.

मुलीनं वाचलं. या वेळी वाचलं. आणि पेन खाली ठेवलं.

"अशी म्हणजे कशी?"

"अगं, ते तसंच असतं," बाबू म्हणाले. "सगळे करतात सही. कर आणि निकाल घेऊन जा. विद्यापीठातली खिडकी बंद होईल."

"पण यात लिहिलंय मी चूक केली."

"पोरी, जिंकली ना तू?" बाबू म्हणाले. "आता कायले ताणते?"

खरं सांगते, मलाही वाटलं, करावी सही. एका शब्दासाठी जागा घालवायची? मी तिच्या जवळ जाऊन म्हणाले, "हे बघ, निर्णय तुझ्या बाजूनं आहे. हे हमीपत्र त्याच्यापुढे काही नाही." हेही कायद्याच्या दृष्टीनं बरोबरच होतं. तिनं ऐकलं. पण पेन उचललं नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि ती घड्याळाकडे बघत होती.

बाबू काकांकडे वळले. "काका, समजवा पोरीले. तुमी शहाने मानूस."

काकांनी कागद हातात घेतला. त्यांना वाचता येतं, पण बोट ठेवून. बोट सरकत सरकत त्या ओळीवर आलं आणि थांबलं. त्यांनी ती ओळ मोठ्यानं वाचली. मग पुन्हा एकदा.

"पण साहेबानं तं लिवलं का चूक नाई म्हनून," ते म्हणाले.

"हो, पण हा नमुना आहे काका."

"मंग हे कोनाची लिवली?"

"काय?"

"चूक. कोनाची लिवली हे?"

आवाज अजिबात चढलेला नव्हता. विचारायचं म्हणून विचारलं होतं, आणि उत्तर मिळेपर्यंत ते कागद परत देणार नव्हते. बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दामच काकांकडे पाहिलं. बाबू उठले, कागद घेऊन आत गेले. आत अध्यक्षांशी थोडं बोलणं झालं. आले तेव्हा ती ओळ खोडलेली होती, वर अध्यक्षांची छोटी सही होती आणि बाजूला हातानं लिहिलं होतं: परीक्षेचे नियम पाळीन.

"हे पाळीन," मुलगी म्हणाली आणि सही केली. काकांनीही केली, तीही बोट ठेवून वाचून.

निकालपत्र घेऊन ती पळतच निघाली. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज आला, मग खाली ऑटो निघाल्याचा. भाव न करताच बसली होती. काका म्हणाले, मी इथंच थांबतो, धावपळीत माझ्यापायी तिला उशीर नको. मीही थांबले. कॉलेजच्या फाटकाबाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला.

"वकीलबाई," ते म्हणाले, "एक इचारू का?"

"विचारा."

"साहेब वरडला, अन् आपून चुकलं नाई म्हनायचं. मंग म्हनायचं काय? मानसानं काहीतरी म्हनावं लागते ना. गप्प राहिलं तं अजून वरडते."

त्यांचं म्हणणं खरं होतं. हे मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

"काय झालं, म्हणून विचारायचं," मी म्हणाले.

त्यांनी म्हणून पाहिलं. "काय झालं साहेब?" मग मान हलवली. "हे तं भांडन वाटते."

"जरा हळू म्हणा."

"काय झालं साहेब," ते हळू म्हणाले. टपरीवाला कपबशा विसळता विसळता म्हणाला, "काका, असं म्हटलं तं साहेब दवाखान्यात नेईन तुमाले." काका हसले. मग पुन्हा गंभीर होऊन त्यांनी ते एकदा-दोनदा पुटपुटून पाहिलं, नवीन चप्पल पायात घालून चार पावलं चालून बघावं तसं.

फोन वाजला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाला लावला. पलीकडून मुलगी इतक्या मोठ्यानं बोलत होती की मलाही ऐकू आलं. खिडकी बंद व्हायच्या आत पोचली होती. कागद घेतले होते. प्रवेश झाला होता.

काका ऐकत राहिले. दुपट्ट्याच्या टोकानं त्यांनी एकदा चेहरा पुसला.

"बरं," ते म्हणाले. "जेवली का तू?"